काकांची माती झाली नाही

माझ्या काकांना देव करायचं ठरलं तेव्हा मी नांदेडात गच्चीवर धुणं वाळत घालत होते. चुलतभावाचा फोन आला. एरवी हा माणूस मला दिवाळीला, नाहीतर दवाखान्यात खाट पाहिजे असली तरच फोन करतो. दिवाळी लांब होती. म्हटलं, कोण आजारी पडलं आता.

"अक्का," तो म्हणाला, "आपले अण्णा परगटले."

मी म्हटलं, "कुठं?"

"शेतात. समाधीच्या खालच्या अंगाला शेततळं खोदून राहिलो होतो. जेसीबीनं कडची माती काढली अन् आत अण्णा. बसलेले. जसेच्या तसे. देह नासलाच न्हाई, अक्का. सगळं गाव येऊन राहिलंय."

आईला तो अव्वा म्हणतो, वडलांना अण्णा. अण्णा म्हणजे माझे सख्खे काका. त्यांना जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले, आणि खरं सांगते, मनात पहिला विचार काकांचा आला नाही. काकूचा आला. येत्या सोमवारी मी काकूला तिच्या माहेरी, बिलोलीला, नेऊन सोडणार होते. चार दिवसांसाठी नाही, कायमची.

"मग काकूचं सोमवारचं?" मी विचारलं.

"आता कुठलं बिलोली, अक्का," तो म्हणाला. "आता अव्वाला इथंच राहावं लागतंय. देवाला सोडून कुणी जातंय का?" आणि त्यानं फोन ठेवला, कारण त्याला मंडपवाल्याला फोन करायचा होता.

मी काय काम करते ते सांगायला पाहिजे, म्हणजे माझा संताप कळेल. मी एका वैद्यकीय कॉलेजात न्यायवैद्यक शिकवते. थोडक्यात, मेलेल्यांची डॉक्टर. माझ्या हाताखालून गेलेला एकही पेशंट बरा होऊन घरी गेलेला नाही, आणि एकानंही तक्रार केलेली नाही. नातेवाइकांना माझ्या कामाची लाज वाटते. लग्नकार्यात "ह्या मोठ्या दवाखान्यात असतेत" एवढं सांगून ते घाईघाईनं जेवणाचा विषय काढतात. पण मेल्यावर अंगाचं काय होतं, कशानं लवकर होतं, कशानं रखडतं, एवढी एक गोष्ट सबंध खानदानात मला इतरांपेक्षा जास्त कळते. आणि नेमकं त्याच बाबतीत मला कुणी विचारलं नाही. जो तो आपापल्या अकलेनं नारळ फोडत होता.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही आडवं निजवून नाही, बसवून. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा करायचा, त्यात माणसाला मांडी घालून बसवायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर द्यायचं, अंगाला विभूती, भोवती बेलाची पानं, मीठ, आणि मग माती. दुकानदार असो, सालगडी असो, स्वामी असो, सगळ्यांना सारखंच. मला ही रीत आवडते. पण तिच्यामुळं आमच्यातला हरेक मेलेला माणूस ध्यानाला बसलेल्या साधूसारखा दिसतो. एरवी मातीखाली कोण बघायला जातंय, म्हणून निभावून जातं. काका दुसऱ्या कुठल्या समाजात आडवे सापडले असते, तर लोकांनी पोलिसांना फोन केला असता. इथं ते मांडी घालून सापडले, हातात लिंग. लोकांनी मंडपवाल्याला फोन केला.

काका जिवंतपणी कसे होते तेही सांगून टाकते. मला ते आवडत नव्हते. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत होती, गावाकडं काळी कसदार जमीन होती, आणि या दोन्हींपेक्षा त्यांचं जास्त लक्ष ताटावर असायचं. ताटाला ते बसले की काकू तुपाचं भांडं घेऊन समोर उभी. भाकरीवर तूप, भातावर तूप, पुरणपोळी तर तुपात बुडूनच यायची. "बस" हा शब्द मी त्यांच्या तोंडून तुपालाही ऐकला नाही अन् काकूलाही. वाढायला उशीर झाला की ताट भिरकावायचे. ताट भिंतीला लागायचं, कधी काकूला. मग काकू ते उचलून, घासून, पुन्हा वाढून आणायची. आम्ही पोरं माजघरात जीव मुठीत धरून बसायचो. काकूची आई वारली तेव्हा काकांनी तिला सकाळच्या बसनं बिलोलीला पाठवलं आणि संध्याकाळच्या बसनं परत बोलावलं. का, तर रात्रीचं जेवण कोण करणार.

तर असे हे काका एक दिवस जेवता जेवता गेले. त्यांना उचलायला इतकी माणसं लागली की अर्ध्या वाटेत खांदेकरी बदलायला लागले.

काका गेल्यावर काकूनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर दुपारी झोपली. लग्न झाल्यापासून तिला दुपारची झोप माहीत नव्हती, कारण काकांचा दुसरा फराळ दुपारीच असायचा. मग ती हळूहळू माणसात आली. बायकांच्या जीपमध्ये बसून इस्लापूरला धबधबा बघून आली. माझ्याकडं नांदेडला येऊन राहायची, वडापाव खायची, हातात रिमोट घेऊन टीव्ही बघायची. बिलोलीला तिची धाकटी बहीण एकटी असते, तीही विधवा, दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड. दोघींनी फोनवर बोलून बोलून ठरवलं की राहिलेली वर्षं एकत्र काढायची. लेक नाराज होता, पण हो म्हणाला होता. काकूची पिशवी भरून झाली होती. या वयात एका बाईनं स्वतःसाठी म्हणून पहिली गोष्ट ठरवली, आणि तेवढ्यात नवरा जमिनीतून वर आला. तुम्हीच सांगा आता.

दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि मुखेडमार्गे गाव गाठलं. आमचं गाव उदगीरपासून थोडं आत. फाट्यावरच काकांचा फ्लेक्स लागला होता. फोटो त्यांचाच, पण गोरे केलेले, डोक्यामागं तेजाचं वलय आणि त्याच्याही मागं हिमालय. काकांनी हैदराबादच्या पुढं काही पाहिलं नव्हतं, आणि हैदराबादेतही बिर्याणीच्या दुकानासमोर आपण शाकाहारी आहोत याचं त्यांना वाईट वाटलं होतं. खाली "संजीवन समाधी" आणि शुभेच्छुकांचे फोटो, काकांच्या फोटोपेक्षा जास्त. सोयाबीन काढलेल्या रानात मोटारसायकली लागल्या होत्या. नारळवाला, फुलवाला, फुटाणेवाला, सगळे आलेले. गावात जलजीवनचा नळ यायला किती वर्षं लागली, आणि हे सगळं दोन दिवसांत. माणसांच्या मनात आलं की काय होत नाही.

भावानं मला गर्दीतून वाट काढून पुढं नेलं. शेततळ्याच्या खड्ड्यात एका अंगाला माती ढासळली होती, आणि तिथं कोनाड्यात काका बसले होते.

मी बघितलं. बघणं हा माझा धंदाच आहे. गाल होते, हनुवटीखालची वळी होती, पोट होतं, मांड्या होत्या, आणि हे सगळं राखाडी पांढरं, ओल्या चुन्याच्या गोळ्यासारखं. पण नाक बसलेलं होतं, डोळ्यांच्या जागी खोबणी होत्या, आणि हातांची बोटं, जिथं काकांच्या अंगावरसुद्धा चरबी नव्हती, ती नुसती हाडं होती. लोकांना बोटं दिसत नव्हती. लोकांना पोट दिसत होतं. वास येत होता, जुन्या खवट तुपाचा आणि त्यात थोडा मुतारीचा. माझ्या शेजारच्या बाईनं लांब श्वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "साजूक तुपाचा सुवास हाय बगा."

वासाच्या बाबतीत बाई फार चुकली नव्हती. हे जे झालं होतं त्याला पुस्तकात ॲडिपोसिअर म्हणतात. मी वर्गात मराठीत सांगताना मढ्याचं मेण म्हणते. कोरड्या जागेत मेलेल्याची चरबी बाकीच्या अंगाबरोबर नासून जाते. पण जागा ओली असली, माती चिकण असली, आत हवा पोचत नसली, तर चरबी नासायच्या ऐवजी बदलते. आतले जंतू तिला फोडतात, तिच्यातून आम्लं निघतात, आणि पाण्यातल्या चुन्याशी त्यांची गाठ पडली की घट्ट मेण तयार होतं. साधारण साबण होतो तसंच. आमच्याकडचं पाणी इतकं जड, की बादलीत साबण टाकला तर फेसाऐवजी पांढरा साका बसतो. एकदा हे मेण झालं की ते सहजासहजी जात नाही. माणसाचा आकार धरून बसतं, वर्षानुवर्षं. आणि जितकी चरबी जास्त तितकं मेण जास्त. यात पुण्याचा काही संबंध येत नाही. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. मधे त्यातला गाळ काढला, नंतर पाऊस चांगले झाले, आणि तलावाचं पाणी खालच्या मातीत झिरपत राहिलं. लातूर म्हटलं की बाहेरचे लोक टँकरच आठवतात. आमच्या काकांना मेल्यावर बक्कळ पाणी मिळालं.

हे सगळं मी भावाला तिथंच उभं राहून समजावलं. तो मन लावून ऐकत होता, किंवा तसं तोंड करून उभा होता. मग म्हणाला, "मग आजोबाचं असं कामून झालं न्हाई?"

मी म्हटलं, "आजोबांचं काय?"

त्यानं कडेला बोट केलं. तिथं खताचं एक जुनं पोतं ठेवलेलं होतं. आजोबांची समाधी काकांच्या पलीकडंच होती, जेसीबीच्या पहिल्याच फेऱ्यात ती फुटली. निघालेली चार हाडं कुणीतरी गोळा करून पोत्यात ठेवली होती. आमचे आजोबा काटकुळे होते. स्वतः चटणी-भाकरी खायचे आणि दुष्काळात आपल्या कणगीतली ज्वारी वाटायचे. त्यांच्या अंगावर मेण व्हायला काही नव्हतंच. गावात आजही म्हातारे त्यांचं नाव घेताना हात जोडतात. आणि आता त्यांच्या पोत्याला पाय लागू नये म्हणून कुणी बाजूलाही सरकत नव्हतं. मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं.

"ते बारीक होते रे," मी म्हटलं. "त्यांची माती झाली. चांगल्या माणसाचं जे व्हायला पाहिजे तेच झालं."

"म्हंजे अण्णांचं पुण्य जास्त," तो म्हणाला.

मग मीच मूर्खपणा केला. मंडपात माइक होता, तो हातात घेतला. म्हटलं, शिकलेल्या बाईनं गप्प बसू नये. मी सोप्या भाषेत सांगितलं की हा चमत्कार नाही, ही चरबी आहे, ओलीनं असं होतं. असे देह शंभर-शंभर वर्षंही टिकल्याची उदाहरणं आहेत, त्यात देवपण काही नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक-दोघांनी टाळ्यापण वाजवल्या. संध्याकाळपर्यंत माझा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता, पुढचं मागचं कापून. त्यात मी म्हणत होते, "देह शंभर-शंभर वर्षंही टिकल्याची उदाहरणं आहेत," आणि खाली पट्टी, "नांदेडच्या मोठ्या डॉक्टरनी तपासून सांगितले." दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट झाली. जन्मात पहिल्यांदा माझ्या नातेवाइकांनी माझ्या कामाचा अभिमान बाळगला.

आमचे मठपती, म्हणजे समाजाचे सगळे विधी करणारे स्वामी, काठी टेकत तिथंच एका खुर्चीवर बसले होते. काकांना त्यांनीच समाधी दिली होती. मी जाऊन शरणार्थ म्हणत नमस्कार केला आणि म्हटलं, "स्वामी, तुम्ही तरी सांगा यांना."

"सांगून थकलो की बाई," ते म्हणाले. "आपल्यात देह पुजत न्हाईत. लिंग हातात दिलं, देह मातीला दिला, सरला हिशोब. हे कायबी करून राहिलेत. मी मनलं झाका, तर मनतेत स्वामींचं वय झालं." त्यांच्या गळ्यात भक्तांनी घातलेला हार होता. तो काढून त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवला.

काकू घरी होती. तिला पांढरी नवी साडी नेसवून बैठकीत गादीवर बसवलं होतं. बायका रांगेनं येऊन तिच्या पाया पडत होत्या. काकूनं मला बघितलं आणि उठून आतल्या खोलीत आली. मी मागून जाऊन दार लोटलं. कोपऱ्यात तिची भरलेली पिशवी तशीच होती.

"तू बघून आलीस?" तिनं विचारलं.

"आले."

"खरंच हायत?"

मी तिला सगळं सांगितलं, पाणी, माती, चरबी, मेण. मला वाटलं होतं की तिला कळणार नाही, किंवा तीही हात जोडेल. ती ऐकत होती.

"मी तर समजून होते की माती झाली," ती म्हणाली. "रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच मनात यायचं. माती झाली आता. मग चहा करायची मी." मग म्हणाली, "चरबीचं मनलीस ना तू? मग ते माझंच की गं. माझ्याच हातचं तूप हाय ते. लोणी काढलं मी, कढवलं मी, वाढलं मी. अन् त्याच्या पाया पडून राहिलेत लोक."

मी तिचा हात धरला. तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. काकूनं तो उचलला नाही, नुसती स्क्रीनकडं बघत बसली. म्हणाली, तिला काय सांगू, नवरा परत आला मनू?

लेक दारात येऊन उभा राहिला. उद्या सकाळी पहिली आरती, म्हणाला, मोठी माणसं येणार, पहिला निवद अव्वाच्याच हातचा, पुरणपोळी आणि वर तूप. मग तिथंच अव्वाला एक खोली बांधून देऊ, पत्र्याची नाही, स्लॅबची. रोजचा दिवा तिनं लावायचा. आणि पुढं वेळ आलीच तर शेजारची जागा राखून ठेवतो, जोडीनं समाधी होईल. हे सगळं तो प्रेमानं सांगत होता, हे मला कबूल करायला पाहिजे. आईसाठी काहीतरी मोठं करून राहिलोय, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"वद्दु," काकू म्हणाली.

काकूचं माहेर तेलंगणाच्या काठावरचं. आग्रह मोडायचा असला की ती मराठीत नको म्हणते. खरंच नको असलं की तेलुगू निघतं. लेकाला हे माहीत असायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "थकलीस तू अव्वा, पड जराशी," आणि निघून गेला.

सकाळी काकूनं स्वयंपाक केला. मला वाटलं, हरली ती. सवयीपुढं माणसाचं काही चालत नाही. पुरण घातलं, पोळ्या लाटल्या, तूप कढवलं, ताट झाकलं आणि आम्ही शेतात गेलो. माणसांची नुसती रीघ. लोक बाजूला होत होते, "आई आल्या, आई आल्या." भाऊ पांढऱ्या कपड्यात, कपाळाला विभूती. समोर दहा-बारा मोबाइल वर धरलेले. काकू खड्ड्याच्या काठावर आली आणि तिनं पहिल्यांदा खाली बघितलं.

बराच वेळ बघत राहिली. मी तिच्या शेजारी होते, पडली तर धरायला. तिला भीती वाटून राहिली होती. ज्या माणसानं ताट भिरकावलं तो माणूस खाली बसला होता, आणि तिच्या हातात ताट होतं.

तिनं ताट खाली ठेवलं. झाकण काढलंच नाही. वाकली, शेततळ्यातून निघालेल्या मातीच्या ढिगातली एक मूठ भरून घेतली, आणि खाली टाकली. माती काकांच्या खांद्यावर पडली. तिनं हात जोडले आणि मागं सरकली.

कुणाला काही कळलं नाही. मला तर नाहीच. पण मठपतींना कळलं. खुर्चीवरून उठताना त्यांना दोघांचा आधार घ्यायला लागला, पण आवाज खणखणीत निघाला. समाधीच्या वेळी म्हणतात तो मंत्र त्यांनी म्हणायला सुरुवात केली. वाकता येत नव्हतं म्हणून त्यांनी शेजारच्याला मूठभर माती हातावर द्यायला लावली, आणि खाली टाकली. मग माइक ओढून घेतला. "घरच्या लक्ष्मीनं माती दिली हाय," ते म्हणाले. "आता लेकानं द्यावी. मग सगळ्यांनी द्यावी. कुणी माघारी जाऊ नये."

आमच्याकडं हे एक आहे. मयताला माती द्यायची वेळ आली की काठावर उभा असलेला कुणीही तशीच पाठ फिरवत नाही. भांडण असो, वैर असो, मूठ टाकूनच जायचं. आणि लेकानं माती दिली नाही, तर त्याच्याइतकी नामुष्की गावात दुसरी नाही. माझ्या भावानं एकदा आईकडं बघितलं, एकदा मोबाइलांकडं बघितलं. सगळे चालू होते. त्याचा चेहरा असा झाला, की मला जराशी कीव आली त्याची. मग तो वाकला आणि बापाला दुसऱ्यांदा माती दिली.

त्यानंतर कुणाला थांबवायची सोयच उरली नाही. आधी जवळचे, मग गावकरी, मग लांबून दर्शनाला आलेले. ज्या बाईला साजूक तुपाचा सुवास आला होता, तिनं दोन मुठी टाकल्या, एक तिची अन् एक घरी राहिलेल्या सासूची. नारळवाला आला, फुटाणेवाला आला. पोट झाकलं, गाल झाकले, मग डोकं दिसेना. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. त्यांना वाटत होतं की हाच विधी आहे, म्हणून ते घमेल्यानं माती आणून राहिले होते. मठपतींनी आजोबांचं पोतंही मागवून घेतलं आणि त्यांना पलीकडं, जरा चढाच्या अंगाला, वेगळा खड्डा करून नीट ठेवलं. तिथं मी माती दिली. रांगेतल्या लोकांनी तिथंही दिली, कोण आहे ते न विचारता.

देवच आत गेल्यावर सोडून जाण्याचा प्रश्न उरला नाही. भाऊ मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. काकू त्याच्यापाशी गेली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताट झाकून ठिवलंय. पोळ्या गार व्हायच्या आत खाऊन घे." घरी येऊन तिनं पांढरी साडी सोडली, आपली रोजची नेसली, पिशवी उचलली. सोमवार अजून यायचा होता, पण थांब म्हणायची माझी हिंमत नव्हती.

देगलूर मागं पडेपर्यंत काकू खिडकीबाहेर बघत होती. बहिणीला तिनं फोन करून येतेय एवढंच सांगितलं होतं. माझी मनातल्या मनात वाहवा चालली होती, काकूची अन् थोडी स्वतःचीही. काय काय बोलावं याची मी जुळवाजुळव करत होते.

"एक इचारू?" काकू म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार की."

"आता तरी माती व्हतेल का ते?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण सगळ्या गावात एकटीनं मला खरं विचारलं होतं. "नाही काकू," मी म्हटलं. "तीच जागा, तेच पाणी. मेण झालेलं आहे. लवकर काही होत नाही."

"म्हंजे मी मरंन तवाबी ते असेच बसलेले असतेल."

"असतील."

रस्त्यात एक ट्रॅक्टर आडवा आला, तो जाईपर्यंत मी गाडी थांबवली.

"रीतीनं मला त्यांच्या शेजारी बसवतेल," ती म्हणाली. "लेकानं जागा राखली हाय. मी तर अशी वाळकी. अंगावर काय हाय माझ्या? तू सांगितलंस तसं, मी लवकर माती होऊन जाईन, तुझ्या आजोबावानी." तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. "पण तेवढे दिवसबी मला तिथं बसवू देऊ नको, पोरी."